सुप्याचा बाजार आणि कर्जाचा कागद

पुणे जिल्ह्यात, बारामती तालुक्यात, सुपे नावाचे गाव आहे. पूर्वी ते भीमथडी तालुक्यात मोडत असे. आसपासच्या खेड्यांतली माणसे बाजाराला इथे येत. १२ मे १८७५ रोजी बाजारासाठी जमलेल्या कुणब्यांनी गावातल्या गुजर-मारवाडी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. कापड गेले, धान्य गेले, आग लागली. चोवीस तासांच्या आत तिथून चौदा मैलांवरच्या दुसऱ्या गावी एका सावकाराचे घर पेटले. मग हे लोण इंदापूर, शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत असे पसरत गेले आणि पुणे व नगर या दोन जिल्ह्यांतली तीसाहून अधिक गावे त्यात सापडली. इतिहासाच्या पुस्तकांत याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, दंगा म्हटला की लूट आणि जाळपोळ आलीच, त्यात नवल ते काय? नवल आहे, वाचकहो, आणि ते असे. सुप्याला लूट झाली हे खरे; पण पुढे गावोगाव जमाव सावकाराच्या दारात उभा राहिला की त्याची पहिली मागणी ठरलेली असे: ‘आमचे कागद बाहेर काढ.’ कर्जरोखे, गहाणखते, कोर्टाचे हुकूमनामे लोकांना हवे होते. सावकाराने मुकाट्याने कागद दिले तर चौकात त्यांची होळी व्हायची आणि माणसे घरोघर परतायची. त्याने दार लावून घेतले, तर मात्र घराला हात लागायचा. सावकाराच्या जिवावर बेतल्याचे प्रसंग अगदी थोडे. हजारो संतापलेली माणसे रस्त्यावर येतात आणि सोन्यानाण्याच्या आधी कागद मागतात, याचा अर्थ आपण नीट लावला पाहिजे.

त्यासाठी थोडे मागे जाऊ. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि कंपनी सरकारचा अंमल आला. १८३६ पासून इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीने जमिनीची मोजणी व प्रतवारी होऊन धारा ठरला. तीच पद्धत पुढे इतरत्र गेली. शेतकरी खातेदार झाला, आणि त्याने ठरलेला सारा रोख भरायचा अशी ही रयतवारी. पीक बुडाले तरी हप्ता चुकायचा नाही. तेव्हा शेतकरी जायचा कुठे? सावकाराकडे.

सावकार पूर्वीही होता. पण पूर्वीच्या सावकाराला गावाशी जमवून घ्यावे लागे. कुळ बुडाले तर आपलेही पैसे बुडाले, हे तो ओळखून असे. व्याज मुदलापेक्षा जास्त घ्यायचे नाही, हा दामदुपटीचा रिवाजही होता. नव्या राज्यात दोन गोष्टी बदलल्या. जमीन विकता आणि गहाण टाकता येण्यासारखी मालमत्ता झाली. आणि सावकाराच्या मदतीला दिवाणी कोर्ट उभे राहिले. कोर्टाला गावाची रीत ठाऊक नाही. कागद पुढे ठेवला, खालचा अंगठा ज्याचा त्याने कबूल केला, की हुकूमनामा व्हायचा आणि जप्ती यायची.

कागद कसा वाढत जायचा, तेही पाहा. १८५९ मध्ये मुदतीचा कायदा झाला. रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावला पाहिजे, असे ठरले. हेतू चांगला होता: व्याज फार साचू नये. पण झाले उलटेच! तीन वर्षे भरत आली की सावकार कुळाला बोलावून नवा रोखा लिहून घ्यायचा. जुने मुद्दल अधिक साचलेले व्याज म्हणजे नवे मुद्दल, आणि त्यावर पुन्हा व्याज. भरलेल्या पैशांची पावती नाही, धान्य घातले तर त्याचा भाव सावकार ठरवील तो. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचे एक उदाहरण पुढे चौकशी आयोगासमोर आले. हा हिशेब शेतकऱ्याला कळायचा नाही, कारण त्याला अक्षर येत नव्हते. आत काय लिहिले आहे ते वाचून सांगणाराही बहुधा सावकाराचाच माणूस असायचा.

त्यातच १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा खेळू लागला आणि तो सावकारांमार्फत खेड्यांत उतरला. मागेल त्याला कर्ज मिळे. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. तशात तीस वर्षांची मुदत संपून १८६७ पासून सारा नव्याने ठरू लागला, तो कित्येक ठिकाणी दीडपट, कुठे दुपटीपर्यंत चढला. उत्पन्न घटले, सारा वाढला; आणि नेमक्या याच वेळी सावकारांनी हात आखडता घेतला. जुने वसूल करा, नवे देऊ नका, असा त्यांचा पवित्रा झाला. शेतकऱ्याच्या मनात खरी आग पेटली ती इथे. अडीनडीला उभा राहील या भरवशावर ज्याची अरेरावी सोसली, तो आता घर उठवू लागला आणि बी-बियाण्यालाही पैसा देईना.

तरी लोकांनी पहिल्याच दिवशी काही काडी पेटवली नाही. शिरूर तालुक्यातल्या करडे गावी १८७४ च्या अखेरीस एका सावकाराने हुकूमनामा मिळवून गावच्या देशमुखाचे घर लिलावात घेतले आणि पाडून टाकले. तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांची शेते कोणी करायची नाहीत, त्यांच्या दुकानी जायचे नाही. न्हावी, पाणक्या, कोणी त्यांच्याकडे कामाला जायचे नाही. हा बहिष्कार गावोगाव पसरला. शांततेने जे करता येण्यासारखे होते ते करून झाल्यावर मग सुप्याचा बाजार पेटला, हा क्रम ध्यानात ठेवावा.

सरकारने पोलीस आणि लष्कर धाडले. ९५१ माणसे पकडली गेली, पुष्कळांना शिक्षा झाल्या, आणि गावांत जादा पोलीस बसवले गेले. पाठोपाठ चौकशी आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये विलायतेच्या पार्लमेंटपुढे गेला. शिक्षकमित्रांना मी मुद्दाम सांगेन की या दंग्यांची आपल्याला असलेली बरीचशी माहिती याच अहवालातून आली आहे. त्यात साक्षी आहेत, करारांचे नमुने आहेत, भावाची कोष्टके आहेत. पण अहवाल सरकारी होता. वाढीव सारा हे दंग्याचे कारण नव्हे, दोष सावकाराचा, असा त्याचा कल राहिला. आपलाच हात दगडाखाली असताना कोणते सरकार आपल्या विरुद्ध निकाल देईल? विद्यार्थ्यांना हे दाखवून द्यावे: कागद सावकाराचा असो की सरकारचा, तो कोणी लिहिला आणि कशासाठी लिहिला, हे आधी विचारायचे असते.

दंग्याने एक मात्र साधले. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर आणि वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या वर्षीच, म्हणजे १८७९ मध्ये, ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ झाला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. कोर्टाने नुसता रोखा न पाहता कर्जाचा मुळापासूनचा हिशेब तपासावा, पावती दिलीच पाहिजे, रोखा गावच्या सरकारी निबंधकासमोर लिहिला जावा, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, अशी त्यातली कलमे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली पुढे काम पाहिले. लोकांनी जे कागद चुलीत घातले होते, त्या कागदांच्या मागे जाऊन पाहण्याची मुभा कायद्याने न्यायाधीशाला दिली. ही लहान गोष्ट नव्हे.

पण कायदा आला की पळवाटही येते. सावकारांनी गहाणखत सोडले आणि खरेदीखत धरले. ‘तुला पैसे देतो, पण जमिनीचे खरेदीखत करून दे, पैसे फेडलेस की जमीन परत नावावर करीन.’ कागदावर विक्री, तोंडी गहाण! पैसे फेडायला गेलेल्या शेतकऱ्याला मग ऐकायला मिळे की, तू तर जमीन विकलीस बाबा. दुसरी अडचण त्याहून मोठी. कायद्याने सावकाराचा हात धरला, पण शेतकऱ्याला हात देणारा दुसरा कोणी उभा केला नाही. पेरणीला पैसा तर लागतोच! सर विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली होती. ती विलायतेत अडली. म. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात सावकार, कोर्टकचेऱ्या आणि सरकारी अंमलदार यांच्या कचाट्यात सापडलेल्या कुणब्याचे चित्र आहे. या साऱ्या अनर्थाच्या मुळाशी त्यांनी विद्येचा अभाव ठेवला, ते उगाच नव्हे.

दुसरे दार उघडायला वेळ लागला. १९०४ मध्ये सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. पण १९५१-५२ मध्ये देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी झाली तेव्हा दिसले काय? शेतकऱ्याने काढलेल्या दर शंभर रुपयांपैकी सहकारी सोसायट्यांकडून आले जेमतेम तीन, आणि सावकारांकडून सुमारे सत्तर. त्या पाहणीच्या समितीत आपले धनंजयराव गाडगीळ होते. त्याच सुमारास त्यांच्या आणि वैकुंठभाई मेहतांच्या साहाय्याने विठ्ठलराव विखे पाटलांनी नगर जिल्ह्यात सहकारी साखर कारखाना उभा केला. ज्या जिल्ह्यात पाऊणशे वर्षांपूर्वी कर्जरोखे जळले होते, तिथल्याच शेतकऱ्यांनी आता भागभांडवलाच्या पावत्या हाती घेतल्या. पुढे १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८२ मध्ये नाबार्ड आली. अलीकडच्या, २०१९ च्या सरकारी पाहणीत ग्रामीण भागातल्या कर्जापैकी सुमारे दोन-तृतीयांश बँका, सोसायट्या अशा संस्थांचे असल्याचे आढळले. ही मजल मोठी आहे, ती कबूल केली पाहिजे. पण उरलेला एक-तृतीयांश कोणाचा? त्यात खाजगी सावकार आहे, आणि त्याच्या दारी बहुतेक तो जातो, ज्याला बँकेच्या दारातून परत यावे लागते.

म्हणून हा इतिहास जुना झालेला नाही. खरेदीखताचा तो जुना डाव आजही खेळला जातो. मुलीचे लग्न, दवाखाना, बुडालेले पीक अशा वेळी लाख-दोन लाख घ्यायचे आणि बदल्यात एकरभर जमिनीचे खरेदीखत नोंदवून द्यायचे, हे खेड्यात कोणाला ठाऊक नाही? २००८, २०१७ आणि २०१९ मध्ये कर्जमाफीच्या मोठ्या योजना झाल्या. पण त्या बँकांच्या आणि सोसायट्यांच्या कर्जाच्या. परवाना नसलेल्या सावकाराचे कर्ज कोणत्याच दप्तरात नसते, मग ते माफ व्हायचे कसे? यावर उपाय म्हणून २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम आहे. परवान्यावाचून सावकारी करणे हा त्यात गुन्हा आहे. आणि सावकारीच्या व्यवहारात जमीन गेल्याचे चौकशीत सिद्ध झाले, तर नोंदवलेले खरेदीखतसुद्धा अवैध ठरवून जमीन परत देवविण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा पातळीवरच्या निबंधकाला आहे. म्हणजे १८७९ मध्ये न्यायाधीशाला जे दिले, तेच आज दुसऱ्या रूपाने आपल्या हाती आहे. मात्र त्यासाठी अर्ज करावा लागतो, मुदतीत करावा लागतो, आणि पैसे घेतल्या-दिल्याचा काही तरी पुरावा जवळ लागतो.

तेव्हा शेतकरी बंधुभगिनींनो, तीन गोष्टी सांभाळाव्यात. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. शक्य तर पैसे बँकेतून द्यावेत-घ्यावेत. कर्जासाठी खरेदीखत करून देऊ नये. कोणी तसा आग्रह धरला तर आधी तालुक्याच्या सहायक निबंधकाच्या कचेरीत विचारावे. आणि सही करण्यापूर्वी सगळा कागद घरच्या शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावा. शिक्षकांना माझे एवढेच सांगणे की सातवी-आठवीच्या वर्गात एकदा कोरे खरेदीखत आणि कोरे गहाणखत शेजारी शेजारी ठेवून वाचावे, आणि दोन्हींत फरक काय ते मुलांना शोधू द्यावे. इतिहासाचा तास आहे, नागरिकशास्त्राचाही आहे. सुप्याच्या कुणब्यांना जो कागद जाळावा लागला, तो आपल्या मुलांना वाचता यावा.