दातवण ते तार: नागपुरातील दंतशृंगार आणि दंतोपचार

एकोणिसाव्या शतकापर्यंत महाराष्ट्रातील सवाष्णीच्या शृंगारात कुंकू आणि बांगड्यांबरोबर दातवणालाही स्थान होते. हिरडा किंवा माजूफळ यांची पूड हिराकशीत, म्हणजे लोहाच्या एका क्षारात, मिसळून ही काळी पूड तयार होत असे आणि ती घासल्यावर तुरट फळांतील टॅनिन व लोह यांचा संयोग होऊन दातांवर काळी झाक चढे. जुन्या काही शायांचा काळेपणाही याच रासायनिक क्रियेतून येई. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात नागपूर, वर्धा व वऱ्हाड येथे मिळून सुमारे २०० अत्तारी असल्याची नोंद असून, अत्तर, धूप, दंतमंजन आणि कुंकू हा त्यांचा विक्रीचा माल सांगितला आहे. ही नोंद अधिक लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे, कारण दातांची पूड वैद्याकडे नव्हे तर कुंकवाशेजारी मिळत असे. दाताचा रंग हा त्या काळी आरोग्याइतकाच सौभाग्याचा विषय होता.

नोव्हेंबर १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर भोसल्यांच्या राज्यावर इंग्रजांची पकड बसली, १८५३ मध्ये ते खालसा झाले आणि १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी बनले. महाल-इतवारीच्या जुन्या पेठांपलीकडे, टेकडीवरील किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या सीताबर्डीचे महत्त्व या नव्या व्यवस्थेत वाढत गेले. शिक्षित घरांतून दातवण मागे पडले आणि पांढऱ्या दातांची आवड रुजली, तरी शृंगार आणि औषध यांतील सीमारेषा पुसटच राहिली. नागपुरात किराणा दुकान चालवलेल्या केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये मुंबईत परळला विको कंपनी सुरू केली. तिची वज्रदंती पावडर औषध की प्रसाधन, हा करआकारणीचा वाद नागपूरच्या केंद्रीय उत्पादन शुल्क आयुक्तांच्या अपिलावरून सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि निकाल आयुर्वेदिक औषधाच्या बाजूने लागला.

दरम्यान १९६८ मध्ये नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय सुरू झाले. दंतव्यंगोपचार, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले ‘दातांना तार लावणे’, हे शास्त्र अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये मांडलेल्या दंतरचनेच्या वर्गीकरणावर उभे आहे. सौम्य पण सतत दाब दिला की दात सरकण्याच्या दिशेचे हाड झिजते, मागे नवे हाड भरते आणि दात हळूहळू जागा बदलतो, म्हणून या उपचाराला बहुधा एक ते दोन वर्षे लागतात. १९५५ मध्ये आम्लाने दाताचे कवच खरवडून त्यावर राळ चिकटवण्याची रीत सापडली नसती, तर तार धरून ठेवण्यासाठी आजही प्रत्येक दाताभोवती धातूचा पट्टा बसवावा लागला असता.

दात पांढरे करण्याच्या आधुनिक पद्धतीत पेरॉक्साइड दाताच्या कवचात शिरून रंगद्रव्यांचे विघटन करते; साच्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड भरून तो रात्रभर दातांवर ठेवण्याची रीत १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. विदर्भात मात्र तिच्यासमोर दोन वेगळे डाग उभे राहतात. सुपारी, तंबाखू व चुन्याच्या खर्ऱ्याचा डाग बाहेरून बसतो आणि सवय सुटली नाही तर परत येतो. चंद्रपूर-यवतमाळ भागातील फ्लोराइडयुक्त भूजलाचे चट्टे मात्र लहानपणी दात घडतानाच कवचात उतरलेले असतात, त्यामुळे विरंजनाने ते नाहीसे होण्याऐवजी सुरुवातीला अधिक उठून दिसू शकतात आणि कधी वरचा थर किंचित घासावा लागतो.