परमँगनेटच्या ऑक्सिडीकरणाची गतिकी आणि भंडारा जिल्ह्यातील मँगनीज : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
भंडारा जिल्ह्यातील आंधळगाव (ता. मोहाडी) कोसा विणकामासाठी ओळखले जाते. लगतच्या तुमसर तालुक्याची ओळख मात्र चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी ही आहे. डोंगरी बुजुर्ग येथे मिळणारे मँगनीज डायऑक्साइडयुक्त खनिज कोरड्या विद्युतघटांसाठी वापरले जाते. मँगनीज डायऑक्साइडपासूनच पोटॅशियम परमँगनेट हे प्रयोगशाळेतील सर्वपरिचित ऑक्सिडीकारक तयार होते. रासायनिक गतिकीच्या जडणघडणीत या पदार्थाचे स्थान काय, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

गतिकीचा उदय :
१८४६ मध्ये मार्गरीत यांनी लोहाच्या अनुमापनासाठी परमँगनेट वापरले. तेथे प्रश्न पदार्थ 'किती' एवढाच होता. 'किती वेळात' हा प्रश्न विल्हेल्मी यांनी १८५० मध्ये साखरेच्या अपघटनासंबंधी विचारला. १८६६ मध्ये ऑक्सफर्ड येथील रसायनशास्त्रज्ञ हारकोर्ट व गणितज्ञ एसन यांनी आम्लीय जलीय द्रावणातील परमँगनेट व ऑक्झॅलिक आम्ल यांच्या अभिक्रियेचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही अभिक्रिया आरंभी मंद असते व पुढे वेग घेते. कारण तिच्यातून निर्माण होणारे द्विसंयुजी मँगनीजच तिला गती देते. यालाच स्वयंउत्प्रेरण म्हणतात. त्रिसंयुजी मँगनीजचे ऑक्झॅलेट संकुल या मार्गातील महत्त्वाचा मध्यस्थ असल्याचे पुढील संशोधनातून दिसून आले. धातुसंकुलांतील इलेक्ट्रॉन-संक्रमणाच्या अभ्यासासाठी हेन्री टाउबे यांना १९८३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

स्थानिक संदर्भ :
हारकोर्ट-एसन यांच्या काळी मध्य प्रांतातील मँगनीज उद्योग अस्तित्वात नव्हता. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला. फर्मोर यांचा भारतातील मँगनीज साठ्यांवरील बृहद् ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६२ मध्ये स्थापन झालेली मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड ही कंपनी २०१० पासून 'मॉईल' या नावाने ओळखली जाते.

निष्कर्ष :
ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण सुमारे ६०° सेल्सिअसपर्यंत तापवावे आणि पहिल्या थेंबांचा रंग जाईपर्यंत थांबावे, ही सूचना विद्यार्थी नियम म्हणून पाठ करतात. वस्तुतः आरंभी उत्प्रेरक उपलब्ध नसतो, म्हणून उष्णता द्यावी लागते. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी उलगडलेले हे कारण वगळले, तर प्रयोग केवळ कृती उरते. खाणींच्या या परिसरातील अध्यापनात खनिज, अभिकारक व त्यांचा इतिहास एकत्र मांडणे म्हणूनच अधिक अर्थपूर्ण ठरेल.