ऑडिट जोखमीच्या सूत्राची कुळकथा
ताळेबंदात मोठी चूक असूनही ऑडिटर तो ठीक असल्याचा निर्वाळा देईल, ही शक्यता म्हणजे ऑडिट जोखीम. सीएच्या विद्यार्थ्याला ती तीन घटकांचा गुणाकार म्हणून शिकवतात: धंद्यातली अंगभूत जोखीम, कंपनीच्या नियंत्रणांना चूक न सापडण्याची जोखीम आणि ऑडिटरच्या तपासणीतून ती निसटण्याची जोखीम. सूत्र गणिती दिसतं, पण त्याचा जन्म नाइलाजातून झाला. कंपन्या इतक्या वाढल्या की प्रत्येक व्हाउचर पाहणं अशक्य झालं, आणि न पाहिलेल्या व्हाउचरांचा हिशेब कुठेतरी मांडावाच लागला.

१८९६ साली किंग्स्टन कॉटन मिल खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने ठरवलं, की संशयाला जागा नसेल तर साठ्याबाबत ऑडिटरने व्यवस्थापकाच्या दाखल्यावर विसंबणं गैर नाही. या विश्वासाला अमेरिकेत १९३८ साली जबर तडा गेला. फिलिप म्युझिका हा जुना ठग एफ. डोनाल्ड कोस्टर या नावाने मॅकेसन अँड रॉबिन्स ही औषध कंपनी चालवत होता. ८ कोटी ७० लाख डॉलरच्या मालमत्तेपैकी सुमारे १ कोटी ९० लाख निव्वळ कागदावर होते. कॅनडातल्या गोदामांतला माल कागदोपत्री चोख होता. गोदाम उघडून पाहायला मात्र ऑडिटर गेलेच नव्हते. १९३९ पासून साठा मोजताना हजर राहणं आणि येणेकऱ्यांना पत्र पाठवून बाकी पडताळणं हा तिथे रिवाज झाला. जोखमीचं सूत्र १९८१ साली नमुना तपासणीच्या मानकाला जोडून आलं. १९८३ साली दुसऱ्या मानकाने ती विचारपद्धत सगळ्या ऑडिटला लावली.

एकूण जोखीम ५ टक्के ठेवायची आणि अंगभूत जोखीम १०० टक्के धरायची, तर नियंत्रण जोखीम ५० टक्के मानल्यास तपासणीतून चूक निसटण्याला १० टक्के मुभा उरते. तीच २० टक्के मानली की मुभा २५ वर जाते आणि कामही घटतं. माझा आक्षेप इथेच आहे. गुणाकार घटकांना परस्परांपासून अलिप्त धरतो. पण साठा फुगवणारा मालकच नियंत्रणांचाही मालक असतो. कोणी म्हणेल, प्रत्यक्षात आकडे कोण गुणतो? खरंय, आणि पहिले दोन घटक आपल्या हातात नाहीत, तिसराच आहे, हे सूत्र स्पष्ट दाखवतं. ते मोलाचं आहे. म्हणूनच पहिल्या दोहोंचा अंदाज सैल ठेवणं महागात पडतं. ७ जानेवारी २००९ ला सत्यम या आयटी कंपनीच्या अध्यक्षांनी कबूल केलं, की ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. बँक शिल्लक ही तर सर्वांत सोपी, थेट बँकेला विचारून पडताळता येणारी बाब. २०१९ च्या सुधारित आंतरराष्ट्रीय मानकाने आता अंगभूत आणि नियंत्रण या दोन्ही जोखमी वेगवेगळ्या जोखायला लावल्या आहेत, आणि नियंत्रणं नीट चालतात का हे तपासायचं नसेल, तर त्यांच्या भरवशावर जोखीम कमी धरता येत नाही. अंगभूत जोखीम जशीच्या तशी धरावी लागते.