गोवंशाचे संकरण (भंडारा जिल्हा)

गोवंशाचे संकरण म्हणजे दोन भिन्न जातींच्या गाय व वळू यांच्यापासून संतती निर्माण करण्याची पद्धती होय. अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया आदी देशांत ती मुख्यतः मांसोत्पादनासाठी वापरली जाते. महाराष्ट्राच्या पूर्वेकडील भंडारा जिल्ह्यात मात्र संकरण दुधासाठी केले जाते. आनुवंशिकतेचे नियम दोन्हीकडे सारखेच असले, तरी जन्मलेल्या नराचे मोल सारखे नाही. येथील संकरणाचा लाभ-हानीचा हिशेब मुख्यतः या भेदावर अवलंबून आहे.

स्थानिक गोवंश

भंडारा हा वैनगंगेच्या खोऱ्यातील तलावांचा व धानाचा जिल्हा आहे. चिखलणीच्या वेळी गुडघाभर गाळात चालणारा बैल ही येथील शेतीची परंपरागत गरज होती. त्यामुळे गावठी गाय दुधापेक्षा तिच्या पोटी येणाऱ्या गोऱ्ह्यांसाठी पाळली जाई. शेजारच्या वर्धा व नागपूर जिल्ह्यांत, तसेच मध्य प्रदेशातील छिंदवाडा, सिवनी व बालाघाट या भागांत गवळाऊ ही जात आढळते. गाय पांढरीशुभ्र, वळूच्या मानेवर व वशिंडावर करड्या रंगाची छटा, बांधा हलका आणि चाल जलद, ही तिची लक्षणे होत. मराठ्यांच्या लष्करी सामानाच्या वाहतुकीसाठी या बैलांचा उपयोग होत असे. एका वेतातील दूध सरासरी ६०० किलोच्या आसपास भरते. पूर्व विदर्भातील धानपट्ट्यातील कठाणी या गोवंशालाही जानेवारी २०२३ मध्ये स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली. ज्याला वर्षानुवर्षे केवळ ‘गावठी’ म्हणून हिणवले गेले, त्यातील एका भागाला ही ओळख बरीच उशिरा लाभली.

संकरणाचा प्रसार

महाराष्ट्रात संकरणाला गती मिळाली ती कृत्रिम रेतनामुळे. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या ‘बायफ’ या संस्थेने गोठित रेतमात्रा शेतकऱ्याच्या दारी नेण्याची पद्धत रुजवली; शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यांमार्फतही हेच कार्य चालते. त्यासाठी प्रामुख्याने जर्सी व होल्स्टीन फ्रिजियन (बोलीत ‘एचएफ’) या युरोपीय जाती निवडण्यात आल्या. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील सुमारे १९ कोटी ३४ लाख गोवंशापैकी ५ कोटी १३ लाखांहून अधिक जनावरे विदेशी वा संकरित होती.

संकरज ओज

संकरित संततीची कामगिरी आईबापांच्या जातींच्या सरासरीपेक्षा जितकी अधिक असते, तितक्या आधिक्याला संकरज ओज म्हणतात. या व्याख्येतील ‘सरासरी’ हा शब्द बहुधा दुर्लक्षिला जातो. समजण्यासाठी एक उदाहरण मानू. एका जातीचे वेताचे दूध ६०० किलो व दुसरीचे ४,००० किलो असेल, तर सरासरी २,३०० किलो होते. संकरित कालवड पुढे २,५०० किलो दूध देऊ लागली, तर संकरज ओज केवळ २०० किलोचे; उरलेली वाढ ही बापाच्या जातीकडून आलेला साधा वारसा होय. दूध चौपट झाले म्हणून ओज चौपट झाले, असे होत नाही.

ओज सर्वांत जास्त दिसते ते गर्भधारणा, वासरांचे जगणे, रोगप्रतिकार व आयुर्मान या गुणांत, म्हणजे ज्यांची आनुवंशिकता कमी असते त्यांत. मांसाच्या प्रतीसारख्या गुणांत ते अल्प असते. दोन जाती परस्परांपासून जितक्या दूरच्या, तितके ओज अधिक. म्हणून वशिंड असलेल्या भारतीय गायीचा युरोपीय वळूशी केलेला संकर या बाबतीत विशेष जोमदार ठरतो, तर गवळाऊ व गीर यांच्या संकरातून तुलनेने कमी ओज मिळते. अमेरिकेतील नेब्रास्का येथील हिअरफर्ड, अँगस व शॉर्टहॉर्न यांवरील प्रयोगांत, संकरित गायींना संकरित वासरे होऊ दिल्यास वळू लावलेल्या प्रत्येक गायीमागे दूध तुटतेवेळच्या वासरांचे वजन सुमारे २३ टक्क्यांनी वाढल्याचे दिसून आले.

पहिल्या पिढीत ओज पूर्ण असते. पहिल्या पिढीतील नर-मादींचा आपसांत संकर केल्यास, किंवा संकरित गायीला मूळच्या दोहोंपैकी एका जातीचा वळू लावल्यास, ते निम्म्यावर येते. गावात मोकाट फिरणाऱ्या संकरित वळूपासून गाय फळली, तर दोन पिढ्यांचे श्रम असे हातचे जातात. उलट, दर वेळी विदेशी रेतमात्राच वापरत राहिल्यास विदेशी अंश ७५ टक्के व पुढे ८७.५ टक्क्यांपर्यंत चढतो आणि उन्हाळ्यात जनावर धापा टाकू लागते. हा अंश ५० ते ६२.५ टक्क्यांच्या दरम्यान राखावा, असे भारतातील संकरणाचे सर्वसाधारण धोरण आहे.

अंगाचा रंग

रंगाचा वारसा दुधाच्या वारशापेक्षा पुष्कळच सोपा आहे. तो थोड्या जनुकांवर चालतो. काळा रंग तांबड्यावर प्रभावी असतो. त्यामुळे एचएफ वळू व पांढरी गवळाऊ गाय यांची पहिली पिढी बहुधा काळी निघते. ठळक पांढरे पट्टे मात्र दडून राहतात, कारण ठिपकेदारपणा अप्रभावी आहे. जर्सीच्या संकरात बदामी ते गडद तपकिरी छटा येतात. दुसऱ्या पिढीत लपलेले गुण पुन्हा वर येतात व एकाच गोठ्यात काळी, तांबडी, कबरी, बांडी अशी वासरे जन्मतात. शॉर्टहॉर्न जातीत तांबड्या व पांढऱ्याच्या संयोगातून दोन्ही केस मिसळलेला रंग येतो. हे अपूर्ण प्रभुत्वाचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

रंगाचे एक व्यावहारिक मोल निश्चित आहे: पारा ४५ अंशांजवळ जातो तेव्हा पांढरे अंग ऊन परतवते, काळे ते शोषून घेते. याखेरीज रंगावरून गुण ओळखणे फसवे ठरते. अमेरिकेत १९७८ मध्ये ‘सर्टिफाइड अँगस’ ही मांसाची व्यापारी खूण आली व तिच्या पात्रतेसाठी मुख्यतः काळे अंग पाहिले जाऊ लागले. परिणामी काळ्या वासरांना बाजारात वरचा भाव मिळू लागला. आपल्याकडील जनावरांच्या बाजारातही काळी-पांढरी गाय ‘एचएफ’ म्हणून खपते. ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला वाण नाही पण गुण लागला, असे म्हण सांगते. या व्यवहारात नेमके उलटे घडते: वाण दिसतो, गुणाची खात्री नसते.

गोऱ्ह्यांचा प्रश्न

मांसोत्पादक देशांत संकरित नराचे वाढलेले वजन हेच उत्पन्न असते. अमेरिकेतील ब्राह्मण ही मांसल जात गुजरात, नेल्लोर, गीर व कृष्णा खोरे या भारतीय रक्तांतून घडली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. महाराष्ट्रात गायीच्या हत्येवर १९७६ च्या कायद्याने बंदी होती. ४ मार्च २०१५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ती बैल व वळूंपर्यंत विस्तारली. म्हणजे नरापासून मिळणारे उत्पन्न केवळ ओढकामाचे. परंतु संकरित गोऱ्ह्याचे वशिंड खुजे असते, त्यावर जू नीट बसत नाही. उन्हात तो लवकर थकतो. शंकरपटासाठीही त्याला कोणी विचारत नाही. चिखलणी ट्रॅक्टरने होऊ लागल्यावर गावठी बैलाचीच मागणी घटली, तेथे या गोऱ्ह्याची काय कथा? दूध तुटल्यावर तो बेवारस सुटतो आणि कोणाच्या तरी धानात शिरतो. दुधाच्या वाढीचा हिशेब मांडताना हा खर्च क्वचितच धरला जातो, आणि तो बहुधा शेजाऱ्याच्या खात्यावर पडतो.

यावर लिंग विनिश्चित रेतमात्रांचा उपाय पुढे आला आहे; तिच्यामुळे सुमारे ९० टक्के वासरे मादी जन्मतात. परंतु ती साध्या मात्रेपेक्षा महाग असते व गर्भधारणेचे प्रमाण काहीसे कमी राहते. कोणत्या गायीला कोणत्या जातीची मात्रा द्यावी, हे तिच्या अंगातील विदेशी अंशावर ठरते. आणि तो अंश कातडीवर लिहिलेला नसतो. कानातील बारा अंकी बिल्ला व त्यापुढे केलेली रेतनाची नोंद यांवरूनच तो कळू शकतो.