धूर कोणाच्या वाट्याला?

तीन वर्षांपूर्वी अम्मीला जिना चढताना धाप लागू लागली म्हणून तिला छातीच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि विचारले, "विडी ओढता? मशेरी लावता?" अम्मी लाजून हसली. मी म्हणाले, "आयुष्यात कधी नाही."

"मग चूल?"

"चूल होती. नंतर भुशाची शेगडी. मग पंपाचा स्टोव्ह."

"किती वर्षे?"

अम्मी बोटांवर मोजू लागली. तिचे मोजून होण्याआधीच डॉक्टरांनी कागदावर लिहायला सुरुवात केली होती.

मी मालेगावात उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान आणि इतिहास शिकवते. वाफेचा दाब शिकवताना प्रेशर कुकरचे उदाहरण दरवर्षी देते. पण त्या दिवसापासून मला कुकरच्या इतिहासाचेच वेड लागले. स्वयंपाक सोपा व्हावा म्हणून माणसाने किती यंत्रे, किती शेगड्या, किती पेट्या बनवल्या! त्यांच्याविषयी वाचताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येत राहिला. ज्याने हे बनवले, त्याने ते कोणाची सोय पाहून बनवले?

सुरुवात देगेपासून करते, कारण देग आपल्या सर्वांच्या पाहण्यातली आहे. अजमेरच्या दर्ग्यात दोन प्रसिद्ध देगा आहेत, मोठी अकबराने दिलेली आणि धाकटी जहांगीराने. तेवढी मोठी नाही, पण लग्नाच्या दावतीची देग आमच्या मोहल्ल्यातही उघड्यावर चढते. खाली लाकडे धडधडत असतात. बावर्ची झाकणाच्या कडेला मळलेल्या कणकेची वळी लावून तोंड बंद करतो, वर निखारे ठेवतो आणि पुढचे काम आगीवर सोपवून बाजूला जाऊन बसतो. यालाच आपण 'दम' म्हणतो. वाफ कोंडली की मांस आपल्याच रसात शिजते, सरपण कमी लागते आणि ढवळत उभे राहावे लागत नाही. पुढच्या काळातली बहुतेक उपकरणे या एकाच युक्तीची लेकरे आहेत. मात्र देग शिजवणारा पुरुष असतो, तो मोकळ्या आभाळाखाली शिजवतो आणि धूर वाऱ्यावर निघून जातो. वर त्याला मजुरी मिळते, वाहवा मिळते. त्याच वेळी घरात आठ बाय दहाच्या खोलीत रोजचा भात शिजत असतो. त्या भाताला ना मजुरी, ना वाहवा, ना धुराला वाट.

वाफ कोंडण्याची हीच युक्ती १६७९ मध्ये दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लोखंडी भांड्यात आणली. हाडेसुद्धा मऊ करणारे ते भांडे त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. भांडे फुटू नये म्हणून वाफ सोडणारी झडपही त्यानेच बसवली. आपल्या कुकरची शिट्टी ही त्या झडपेची नात. १६८२ मध्ये त्याने सोसायटीच्या सभासदांना या भांड्यात शिजवलेले जेवणही घातले. विद्वान पुरुषांनी विद्वान पुरुषासाठी शिजवले आणि खाल्ले. स्वयंपाकघरापर्यंत ते भांडे पोहोचायला पुढे कितीतरी पिढ्या गेल्या.

यानंतरची गोष्ट थेट आपल्या मुंबईची आहे आणि ती मला अजून शाळेच्या पुस्तकात कुठे भेटलेली नाही. विल्यम ॲडम्स नावाचा एक इंग्रज मुंबईच्या उच्च न्यायालयात उपनिबंधक होता. इंग्लंडातून कोळसा आणण्यापेक्षा इथले ऊन वापरावे असे त्याने मनावर घेतले. आरसे लावलेली आठ कोनांची चूल त्याने केली आणि जानेवारीच्या उन्हात सात सैनिकांचा शिधा दोन तासांत शिजवून दाखवला. १८७८ मध्ये त्याचे या विषयावरचे पुस्तक निघाले. सौर कुकरचा इतका जुना प्रयोग मुंबईत झाला याचा अभिमान वाटतो. पण शिजले ते सैनिकांचे जेवण. सरपणाचा खर्च वाचवायचा होता तो छावणीचा.

१८९२ च्या सुमारास स्वीडनमध्ये फ्रान्स लिंडक्विस्ट याने बिनवातीचा, बिनकाजळीचा स्टोव्ह बनवला, तोच प्रायमस. ॲमुंडसेन १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचला तेव्हा त्याच्याबरोबर प्रायमस होता. १९५३ मध्ये एव्हरेस्टच्या मोहिमेतही तो होता. मोहिमेवर निघालेल्यांचा हा स्टोव्ह आमच्या घरी मात्र वेगळ्या रूपात आला. त्याकडे मी नंतर येते.

१९१० मध्ये कलकत्त्यात इंदुमाधव मल्लिक यांनी 'इकमिक कुकर' तयार केला. मल्लिक डॉक्टर होते, वकीलही होते आणि हिंडायचेही शौकीन होते. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात एकावर एक मडकी रचून भात शिजवतात, ते पाहून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. एक उंच डबा, तळाशी कोळशाची छोटी शेगडी, थोडे पाणी आणि आत टिफिनसारखे एकावर एक बसणारे डबे. एकात तांदूळ, एकात डाळ, एकात भाजी किंवा मांस. सकाळी कोळसा पेटवून झाकण लावावे आणि कामाला जावे. परत यावे तो सगळे गरम आणि शिजलेले. करपत नाही, उतू जात नाही, कोणी समोर बसावे लागत नाही. कलकत्त्याच्या मेसमध्ये राहणारे कारकून, विद्यार्थी, प्रवासी यांना हा कुकर फार आवडला. कल्पना इतकी सुंदर आहे की मी वर्गात फळ्यावर तिची आकृती काढते. एकदा एका मुलीने विचारले, "टीचर, हा घरातल्या बायकांना का नाही दिला?" मी म्हणाले, "कारण घरात समोर बसायला कोणीतरी होतेच." वर्ग हसला. ती मुलगी हसली नाही.

स्त्रीच्या नजरेतून पाहणारे त्या काळी कोणी नव्हते असे मात्र नाही. १९०५ मध्ये रुकैया सखावत हुसैन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात छापून आली. त्या कथेतल्या स्त्रीराज्यात पुरुष पडद्यात असतात आणि स्वयंपाकघर बागेत असते. तिथे ना कोळसा, ना धुराडे, ना धूर. अन्न सूर्याच्या उष्णतेवर शिजते आणि ती उष्णता साठवण्याची विद्या शोधलेली असते ती स्त्रियांच्या विद्यापीठाने. ॲडम्सचा प्रयोग रुकैयांना माहीत होता की नाही, हा प्रश्न मला गौण वाटतो. ॲडम्सला कोळशाचा हिशोब सुचला. रुकैयांना धूर दिसला, कारण त्या त्या घरांमधून वावरल्या होत्या. पुढे १९११ मध्ये त्यांनी कलकत्त्यात मुलींची शाळा काढली. तिथे शिक्षण उर्दूतून चाले. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात त्यांचे एकही पुस्तक नव्हते. यंदा मी एक आणून ठेवले.

शोध लावताना घरातल्या बाईला विचारले तर काय होते, याचे उदाहरण जपानमध्ये आहे. १९५५ मध्ये तोशिबाने भात शिजवण्याचा विजेचा कुकर बाजारात आणला. तो घडवला योशितादा मिनामी या छोट्या कारखानदाराने, पण दोनेक वर्षे रोज त्यात भात शिजवून पाहिला त्याची पत्नी फुमिको हिने. थंडीत शिजवला, उन्हात शिजवला आणि नोंदी ठेवल्या. बाहेरच्या भांड्यातले पाणी आटले की तापमान एकदम चढते आणि बटण आपोआप बंद होते, अशी त्याची रचना होती. पहाटे उठून भातापाशी बसायचे काम सुटले. जपानी बायकांनी तो कुकर डोक्यावर घेतला यात नवल नाही.

आता याच्या शेजारी आपला सौर कुकर ठेवून पाहा. १९५० च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने आरशाचा कुकर केला. तो चालला नाही. १९८० च्या दशकात काळा रंग दिलेली, दुहेरी काचेची पेटी सरकारी अनुदानावर मिळू लागली. पेटी चांगली आहे, तिच्यात डाळ-भात दोन-तीन तासांत उत्तम होतो. पण बाई रांधते केव्हा? सूर्य उगवण्याआधी आणि मावळल्यावर. आमच्याकडे तर रमजानमध्ये सहरी पहाटेची आणि इफ्तार मगरिबची. ऊन डोक्यावर असते तेव्हा घरातल्या सगळ्यांचा रोजा असतो! शिवाय त्या पेटीत भाकरी भाजत नाही. हे दोन प्रश्न कोणत्याही अम्मीने पहिल्या दिवशी विचारले असते. तेच ऊन शिर्डीच्या प्रसादालयात मात्र फार कामी आले. तिथे २००९ मध्ये त्र्याहत्तर मोठ्या आरशांनी वाफ तयार करून हजारो भाविकांचे जेवण शिजवण्याची योजना उभी राहिली. मोठी देग, मोकळी जागा, पगारी माणसे, आणि दुपारच्या जेवणाची वेळ. तिथे उन्हाचे गणित जमले.

आमच्या घरात १९९० च्या दशकात सूर्य नव्हता, रॉकेल होते. त्याआधी भुशाची शेगडी. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, बाटली हळूच काढून घ्यायची आणि त्या भोकातून पेटवायचे. तासन्‌तास जळे, पैसे कमी लागत, पण तिचा धूर डोळ्यांत नव्हे, थेट घशात उतरे. त्यामानाने पंपाचा स्टोव्ह श्रीमंती वाटायचा. काकडा पेटवून बर्नर तापवायचा, पंप मारायचा, की निळी ज्योत आवाज करत उठे. त्या आवाजात अम्मीला दारावरची थाप ऐकू यायची नाही. नोजल तुंबले की पिन घालायची. ते माझे काम होते. रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभे राहण्याचे कामही माझेच.

आणि याच स्टोव्हने आपल्या वर्तमानपत्रांना एक ठरीव वाक्य दिले, 'स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली.' १९७० आणि १९८० च्या दशकांत ते इतके छापून आले की वाचणारा पान उलटू लागला. स्त्री चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी एक साधी गोष्ट विचारली, की स्टोव्ह सुनेच्याच अंगावर का फुटतो? सासूच्या का नाही, मुलाच्या का नाही? १९८३ मध्ये दंडसंहितेत ४९८-अ आले आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचे ३०४-ब. स्टोव्ह खरोखर फुटतही असत, हे खरे. पण फुटलेल्या स्टोव्हमागे काय काय लपवता येते, हे आमच्या गल्लीनेही पाहिले आहे. जिच्याविषयी लिहिते आहे तिचे नाव लिहीत नाही. तिची मुलगी माझ्या वर्गात होती.

धुराकडे कोणी पाहिलेच नाही असे म्हटले तर अन्याय होईल. हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये धुराडे असलेल्या निर्धूर चुलीवर पुस्तक लिहिले. १९८१ मध्ये कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने गुजरातच्या खेड्यांत रांधणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटी यंत्रे लावून त्या किती धूर घेतात ते मोजले. १९८० च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि २००२ मध्ये गुंडाळला. चुली फुटल्या, धुराडी तुंबली, दुरुस्त करायला कोणी आले नाही. आमच्यासारख्या भाड्याच्या खोलीत तर धुराड्यासाठी पत्र्याला भोक पाडायलाही घरमालक तयार नसे.

मुंबईत १९५५ मध्येच बर्माशेलचा 'बर्शेन' गॅस घराघरांत येऊ लागला होता. त्याच वर्षी जपानी बाईला विजेचा कुकर मिळाला, हे वर आलेच आहे. १९५९ च्या सुमारास हॉकिन्स आणि प्रेस्टिज हे कुकर देशात बनू लागले. आमच्या घरी कुकर आला तो अम्मीने साड्यांना गोंडे लावून साठवलेल्या पैशांतून. मांसाला दोन तास लागायचे तिथे पाऊण तास पुरू लागला. त्या वाचलेल्या सव्वा तासात अम्मी आणखी गोंडे लावी. गॅस आला २००४ मध्ये, मी नववीत असताना. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये आठ कोटींवी जोडणी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, दिली गेली. फार मोठे काम झाले. पण त्याच वर्षीच्या महालेखापालांच्या अहवालात लाभार्थी कुटुंबांची वर्षाची सरासरी चार सिलिंडरचीही नव्हती. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींच्या घरी सिलिंडर पाहुण्यांसाठी असतो आणि रोजचे शेगडीवर.

पुण्याच्या 'आरती' या संस्थेने, आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, उसाच्या पाचटापासून कोळसा केला. त्यावर चालणारा वाफेचा कुकरही केला. शंभर ग्रॅम कोळशात पाच माणसांचे जेवण. २००२ मध्ये या कामाला लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. डब्यावर डबा, खाली चिमूटभर निखारे, म्हणजे आपला इकमिकच, पण यावेळी कुटुंबासाठी. त्याचे नाव आहे 'सराई'. सराई म्हणजे मुसाफिरांची उतरण्याची जागा. उर्दूच्या शिक्षिकेला हे नाव वाचून हसू आले. कुकर अखेर घरात आला, तोही मुसाफिराचे नाव घेऊन.

अम्मी आता दोन फवारे घेते, सकाळी आणि रात्री. स्वयंपाक मी आणि भाऊ मिळून करतो, बराचसा विजेच्या शेगडीवर. वीज गेली की गॅस. गेल्या ईदला भावाने हौसेने अंगणात तीन विटा मांडून देग चढवली. अम्मीची खुर्ची आम्ही वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवली होती. ती तिथूनच सांगत होती. कणीक अजून पातळ आहे, वळी जाड लाव. निखारे वर टाक, खाली नको. भावाने झाकण उघडायला हात घातला तेव्हा ती म्हणाली, "अभी नहीं."