एकाच बॅटरीपासून ऋण विद्युतदाब कसा मिळवतात?

घरच्या घरी ध्वनिवर्धक किंवा छोटे मापन-उपकरण तयार करणाऱ्या हौशी मंडळींना एक अडचण हमखास येते. हाती ९ व्होल्टची एकच बॅटरी असते आणि मंडलाच्या आराखड्यात मात्र अधिक १२ व्होल्टच्या जोडीला उणे १२ व्होल्टही मागितलेले असतात. फेअरचाइल्ड कंपनीने १९६८ साली आणलेल्या ७४१ या सुप्रसिद्ध ऑप-अँपच्या माहितीपत्रकातील मोजमापेही अधिक व उणे १५ व्होल्ट गृहीत धरूनच दिलेली आहेत. याचे कारण साधे आहे. ध्वनीचा संकेत शून्याच्या वर आणि खाली आलटून पालटून जातो. पुरवठा केवळ धन असेल, तर या संकेताचा खालचा अर्धा भाग कापला जातो.

ऋण विद्युतदाब ही काही वेगळ्या जातीची वीज नव्हे. शून्य कोठे मानायचे, एवढाच तो प्रश्न आहे. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून मधल्या सांध्याला शून्य मानले, की एका टोकाला अधिक ९ आणि दुसऱ्या टोकाला उणे ९ व्होल्ट मिळतात. ही सर्वांत सोपी रीत. मात्र दोन्ही बॅटऱ्या सारख्या वेगाने उतरत नाहीत. एकाच बॅटरीचे दोन समान रोधांनी दोन भाग केले, तर उणे साडेचार व्होल्ट मिळतात खरे. पण मध्यबिंदूतून प्रवाह घेताच तो जागा सोडतो. त्याला आधार देण्यासाठी एक ऑप-अँप खर्ची घालावा लागतो.

प्रवाह थोडाच हवा असेल, तर आयसीएल ७६६० ही आठ पायांची चिप उपयोगी पडते. तिचे काम रहाटासारखे चालते. एक कपॅसिटर आधी बॅटरीवर भरून घ्यायचा, मग त्याचे धन टोक शून्याला जोडायचे. आता त्याचे दुसरे टोक शून्याच्या खाली जाते आणि तो भार दुसऱ्या कपॅसिटरमध्ये ओतला जातो. ही क्रिया सेकंदाला हजारो वेळा होते. बाहेरून लागतात ते १० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर फक्त. पाच व्होल्टवर चालणाऱ्या मॅक्स २३२ या चिपमध्येही ऋण दाब याच युक्तीने तयार होतो. ५५५ हा टायमर, दोन डायोड आणि दोन कपॅसिटर यांच्या साह्यानेही हेच साधते. तेथे १२ व्होल्टपासून कमी भारावर उणे नऊच्या आसपास व्होल्ट मिळतात.

परंतु मिळालेला दाब स्थिर असेलच असे नाही. ७६६० चा अंतर्गत रोध सुमारे ५५ ओहम असतो. म्हणजे १० मिलिअँपिअर घेतले की अर्ध्या व्होल्टहून अधिक घट होते, २० घेतले की एक व्होल्टहून थोडी अधिक. शिवाय १० किलोहर्ट्झ ही वारंवारिता मानवी कानाच्या कक्षेत येते. त्यामुळे ध्वनिवर्धकात बारीक शिट्टी ऐकू येऊ शकते. ७६६० एस या प्रकारात पहिला पाय धन पुरवठ्याला जोडला, की वारंवारिता सुमारे ३५ किलोहर्ट्झवर जाते आणि ही कटकट टळते. मूळ ७६६० ची मर्यादा १० व्होल्ट आहे. १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर तिला जोडू नये.

अधिक प्रवाह हवा असल्यास एमसी ३४०६३ सारखी चिप आणि एक कॉइल वापरतात. कॉइलमध्ये साठवलेली ऊर्जा उलट्या दिशेने सोडून येथे ऋण दाब तयार होतो. चिप तो दाब आतल्या सव्वा व्होल्टच्या संदर्भाशी सतत ताडून पाहते, म्हणून भार बदलला तरी तो फारसा ढळत नाही. त्यावर उरलेली तरंग काढण्यासाठी उणे १५ व्होल्ट तयार करून पुढे ७९१२ हा रेग्युलेटर बसवावा. घरगुती विजेवर चालणाऱ्या उपकरणात तर १२-०-१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि ७८१२ व ७९१२ ही जोडी हा रुळलेला मार्ग आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील बुधवार पेठ येथे हे सुटे भाग सहज मिळतात.

नुकसान होते ते बहुधा येथेच. ७९१२ हा ७८१२ चा जुळा भाऊ वाटला तरी त्याच्या पायांचा क्रम निराळा आहे. ७८१२ मध्ये पाय अनुक्रमे इनपुट, शून्य व आउटपुट असे असतात. ७९१२ मध्ये शून्य, इनपुट व आउटपुट असे. ७९१२ ची धातूची पाठही शून्याला नव्हे, तर इनपुटला जोडलेली असते. दोन्ही एकाच उष्णताशोषक पत्र्यावर अभ्रकाच्या चकतीशिवाय बसवले, तर थेट शॉर्टसर्किट होते. ७९१२ च्या आउटपुटशी अगदी जवळ १ मायक्रोफॅरडचा टँटलम किंवा २५ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हवाच. नाहीतर रेग्युलेटर स्वतःच कंप पावू लागतो. साध्या मल्टिमीटरवर सरासरी दाब ठीक दिसतो आणि दोष लपून राहतो. ऋण बाजूच्या कपॅसिटरचे धन टोक शून्याला जोडायचे असते, हेही विसरू नये. उलटा बसलेला कपॅसिटर तापतो, प्रसंगी फुटतो.

मंडल जोडण्यापूर्वी पुरवठ्याची परीक्षा घ्यावी. आधी रिकामा दाब मोजावा, मग आउटपुट व शून्य यांमध्ये १ किलोओहमचा रोध लावून पुन्हा मोजावा. उणे १२ व्होल्टला त्यातून १२ मिलिअँपिअर वाहतात. आपल्या मंडलाला याहून अधिक प्रवाह लागत असेल, तर रोध त्या प्रमाणात लहान व अधिक वॅटचा घ्यावा. दोन वाचनांतील फरक जितका कमी, तितका पुरवठा स्थिर. ट्रान्सफॉर्मर वापरताना मात्र विजेच्या बाजूचे सर्व सांधे झाकलेले आणि फ्यूज लावलेला असल्याची खात्री करूनच बटण दाबावे.