जुनी फियाट, नवा हिशेब

एक काळ असा होता की या देशात जुनी मोटार नव्या मोटारीपेक्षा महाग मिळायची. ही अतिशयोक्ती नाही. माझ्या आजोबांच्या वहीत तसा हिशेबच लिहून ठेवलेला आहे. त्यांनी १९७२ साली मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून दोन वर्षं वापरलेली फियाट अकराशे डी घेतली आणि शोरूमच्या भावापेक्षा काही हजार रुपये जास्त मोजले. नवी गाडी त्यांनी आधीच नोंदवून ठेवली होती, पण नंबर लागायला किती वर्षं जातील हे कुणीच सांगू शकत नव्हतं. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांची हळदीची अडत होती. भाव चढणार की उतरणार हे ओळखण्यावरच त्यांचा संसार चालला होता. तरी त्यांनी ते जास्तीचे पैसे दिले, आणि वहीत त्या रकमेपुढे फक्त 'घाई' एवढा एकच शब्द लिहिला.

ती गाडी अजून आमच्याकडे आहे. मी पुण्यात नोकरी करते, बाबा सांगलीत असतात. शेड ज्या जागेत आहे ती वाटणीत चुलत आजोबांच्या मुलांकडे गेली आहे आणि त्यांना पावसाळ्याआधी बांधकाम सुरू करायचंय. शिवाय आरसीची मुदत संपत आली आहे. त्यामुळे 'बघू नंतर' हे जे उत्तर आमच्या घराने इतकी वर्षं दिलं, ते आता चालणार नाही. विकायची की ठेवायची, हे ठरवायचं काम बाबांनी माझ्यावर टाकलंय. ते म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस, तू सांग." सॉफ्टवेअर इंजिनिअरला कार्बोरेटरमधलं काय कळतं, हे त्यांना कोण समजावणार!

मग मला जे येतं तेच मी केलं. वाचत बसले.

नव्यापेक्षा जुनं महाग का होतं, याचं उत्तर सरकारी कागदात सापडतं. १९५३ मध्ये सरकारने धोरण घेतलं की ज्यांना भारतात टप्प्याटप्प्याने सुटे भाग बनवायचे आहेत, त्यांनीच इथे मोटारी जोडाव्यात. जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ पासून मुंबईत शिवडीला होता. तो बंद झाला, फोर्डनेही गाशा गुंडाळला. प्रवासी मोटारींमध्ये उरल्या मुख्यतः तीन कंपन्या: कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईत कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स. किती गाड्या बनवायच्या ते परवान्यावर ठरायचं. १९५९ च्या आदेशाने वाटप आणि विक्रीवर नियंत्रण आलं आणि नवी घेतलेली गाडी लगेच दुसऱ्याला विकण्यावरही बंधन आलं. १९६९ मध्ये सरकारने तिन्ही कंपन्यांच्या गाड्यांचे भाव ठरवून दिले. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. योग्य किंमत काढायला चौकशी आयोग बसला, आणि १९७१ च्या अखेरीस निकाल लागला. एका मोटारीची वाजवी किंमत किती असावी यावर देशातलं सर्वोच्च न्यायालय विचार करत होतं, हे आज ॲपवर ईएमआय बघणाऱ्या आपल्या पिढीला थोडं विनोदी वाटेल.

पण परिणाम सरळ होता. नव्या गाडीचा भाव बांधलेला, माल कमी आणि रांग लांब. जुन्या गाडीला मात्र असा बांधलेला भाव नव्हता, म्हणून खरा बाजारभाव तिथे उघडा पडायचा. आजोबांनी 'घाई'पोटी मोजले ते पैसे म्हणजे रांग चुकवण्याची किंमत होती. अडत्याला हे गणित कुणी शिकवावं लागत नाही.

याच रांगेतली सगळ्यात प्रसिद्ध फियाट पंतप्रधानांची. लालबहादूर शास्त्रींनी बारा हजारांची फियाट घ्यायचं ठरवलं, तेव्हा घरात सात हजार होते. उरलेल्या पाच हजारांसाठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज काढलं. कर्ज फिटायच्या आत जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचं निधन झालं. पुढे ललिताबाईंनी ते कर्ज पेन्शनमधून फेडलं, असं त्यांच्या मुलांनी सांगितलेलं आहे. ती गाडी दिल्लीत त्यांच्या स्मारकात ठेवलेली आहे. ती ठेवायची की विकायची हा प्रश्न निदान त्या घरापुढे उरला नसावा.

आता गाडीकडे येते. फियाट अकराशे ही मुळात इटलीची. नव्या घडणीची अकराशे १९५३ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दिसली आणि नंतर लवकरच कुर्ल्याला जोडली जाऊ लागली. पहिल्या गाड्या गोलमटोल, फुगीर नाकाच्या होत्या. पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडायचे. आपल्याकडे त्यांना लोक सरळ 'डुक्कर फियाट' म्हणत, आणि त्यात तुच्छता नव्हती, माया होती. मग एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट असे अवतार झाले. साठीच्या दशकात चौकोनी अंगाची डिलाइट, म्हणजे अकराशे डी आली. आमची तीच. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढे सलग बाक. सत्तरीच्या दशकात फियाटचं नाव निघून 'प्रीमियर प्रेसिडेंट' झालं आणि मग 'पद्मिनी'. पत्रा जवळपास तोच, नाव चितोडच्या राणीचं. या गाडीचं उत्पादन थेट नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत चाललं. इटलीत अकराशेचं उत्पादन १९६९ च्या सुमारास थांबलं होतं. म्हणजे मूळ देशाने सोडून दिलेली गाडी आपण आणखी तीस वर्षं बनवत राहिलो. जुन्या कोडला हात लावायची भीती आमच्याच धंद्यात असते असं नाही.

प्रीमियर उभी केली वालचंद हिराचंद यांनी, १९४४ मध्ये. मी सांगलीच्या वालचंद कॉलेजात चार वर्षं शिकले. नाव रोज आयकार्डावर गळ्यात असायचं, पण या माणसाने मोटारीसाठी काय काय खस्ता खाल्ल्या हे तिथे कुणी बोलल्याचं आठवत नाही. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेले वालचंद आधी बांधकामाचे ठेकेदार होते. १९१९ मध्ये ते सिंधिया जहाज कंपनीत उतरले. १९४० मध्ये बंगलोरला विमान कारखाना काढला, तीच आजची एचएएल. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी सुरू केली. मोटारीची धडपड मात्र तिसाव्या दशकापासून चालू होती. विश्वेश्वरय्यांसारखा माणूस त्या योजनेसाठी झटत होता, तरी इंग्रज सरकारने हात दिला नाही. फोर्डशी बोलणी फिसकटली आणि शेवटी क्रायस्लरशी करार झाला. म्हणून कुर्ल्याहून सुरुवातीला डॉज आणि प्लिमथ बाहेर पडल्या. मोठाल्या, पेट्रोल पिणाऱ्या आणि आपल्या खिशाला न झेपणाऱ्या. फियाटशी हातमिळवणी त्यानंतरची. आणि अकराशे जिनिव्हात दिसल्यानंतर महिन्याभरात, एप्रिल १९५३ मध्ये, वालचंद गेले. ज्या गाडीने त्यांच्या कंपनीला घराघरांत नेलं, ती त्यांनी कुर्ल्यात बनलेली पाहिली नाही.

कारखाना आज नाही. त्या जमिनीवर कोहिनूर सिटी आहे. रस्त्याचं नाव मात्र अजून प्रीमियर रोड आहे, आणि तिथे राहणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याला ते कुठल्या शाळेवरून पडलं असावं असं वाटत होतं.

मुंबईने या गाडीला सगळ्यात जास्त राबवलं ते टॅक्सी म्हणून. कारखाना गावातच, म्हणून भाग चटकन मिळायचे. गाडी अँबेसेडरपेक्षा लहान, गल्लीबोळात वळणारी. शिवाय फुटपाथवर बसून उघडता येईल इतकं सोपं इंजिन. काळ्या-पिवळ्या पद्मिनींनी दोन-तीन पिढ्यांची घरं चालवली. मग उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जुन्या टॅक्सींना सीएनजी बसवावं लागलं आणि पुढे वीस वर्षांची वयोमर्यादा आली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता ती कायद्याने रस्त्यावरून उतरली. त्या आठवड्यात माझ्या फोनवर दहा जणांनी तीच बातमी पाठवली, खाली रडणारे चेहरे लावून. त्यातल्या किती जणांनी गेल्या दहा वर्षांत पद्मिनी टॅक्सीला हात केला होता कोण जाणे! मीही एसीवाली गाडीच बोलवायचे.

माझ्यासाठी त्या बातमीचा अर्थ वेगळा होता. टॅक्सी होत्या तोवर क्लच प्लेट, बुश, काचेचं रबर असलं काहीही कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हुडकलं की मिळायचं. हजारो टॅक्सी रोज झिजत होत्या, म्हणून आमच्यासारख्यांच्या उभ्या गाड्या जगत होत्या. टॅक्सी भंगारात निघाल्या तेव्हा काही काळ भागांचा पूर आला. पूर ओसरला की मात्र नदी आटते. आमचे मिस्त्री आता ब्रेकच्या एका व्हील सिलिंडरसाठी तीन गावांत फोन फिरवतात.

उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते, हे मला आधी खरं वाटत नसे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि सिलिंडर आतून गंजतो. बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटा होतो. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. या गाडीच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधली गॅस्केटं त्यासाठी बनलेलीच नाहीत. इथेनॉलही पाणी ओढून घेतं, म्हणजे टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल ठेवणं आणखी वाईट. आणि हे इथेनॉल येतं कुठून? बरंचसं आमच्याच सांगली-कोल्हापूरच्या उसातून. वालचंदनगर ही मुळात साखर कारखान्याची वसाहत, तेव्हा वालचंदांच्या एका धंद्याने दुसऱ्याच्या नळ्या खाल्ल्या असं म्हणायला हरकत नाही. नळ्या बदलून मिळतात. खर्च फार नाही, खटपट फार आहे.

राहिला कागदाचा प्रश्न. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. २०२५ च्या नियमानुसार वीस वर्षांवरच्या मोटारीला त्यासाठी दहा हजार शुल्क आहे, पर्यावरण कर वेगळा. दुसरी वाट २०२१ मध्ये उघडली. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं, आणि पाटीवर खास 'व्हीए' अक्षरं. ऐकायला झकास. पण अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. थोडक्यात, सरकार तिला मान देतं आणि घरात बसवतं.

विकत घ्यायला तिघे आले. एकाला ती लग्नाच्या वरातीसाठी भाड्याने द्यायची होती. भाव चांगला देत होता, पण म्हणाला की हे इंजिन काढून नव्या गाडीचं बसवणार, म्हणजे नवरदेव वाटेत अडकायला नको. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण इंजिन बदललं की व्हिंटेजचा दरवाजा कायमचा बंद. दुसऱ्याला हॉटेलच्या दारात शोभेला ठेवायची होती. तिसरा खरा शौकीन, स्वतः दोन डुक्कर फियाट बाळगून असलेला. त्याने गाडीखाली झोपून तासभर चेसिस पाहिली, चहा घेतला आणि सगळ्यात कमी भाव सांगितला. मला त्याचाच भाव खरा वाटला.

आजीला विचारलं. तिचं मत पहिल्यापासून पक्कं आहे. "जनावर असतं तर वैरण तरी घातली असती. ह्याला नुसता पैसा घालायचा. विका." मी म्हटलं, आजोबांची आठवण आहे ना. तर ती म्हणाली, "तुझा आजा ह्या गाडीतनं मला वर्षातनं दोनदा नरसोबाच्या वाडीला न्यायचा. बाकी सगळी हळदीची पोती. आठवण कुणाची, पोत्यांची?" डिकीच्या कोपऱ्यात अजून पिवळा रंग बसलेला आहे, हे खरंच.

तिच्या बोलण्याने माझं एक काम सोपं झालं. व्हिंटेजची पाटी बाद. जी गाडी बाजाराला आणि वाडीला जायची, तिला फक्त रॅलीत मिरवायचं तर हॉटेलच्या दारातली शोभा आणि ही, यांत फरक काय राहिला? मग दोनच पर्याय उरले: तिसऱ्या माणसाला द्यायची, नाहीतर साधं पासिंग करून पुन्हा चालवायची. मी खर्चाची शीट केली. नोंदणी, कर, विमा, नळ्या, ब्रेक, टायर आणि मिरजेच्या मामाच्या रिकाम्या गोडाऊनचं भाडं. मामा भाडं घेणार नाही म्हणाला, तरी मी रकाना ठेवला. पहिल्या वर्षीचा आकडा माझ्या एका पगाराच्या आत बसतो. पुढच्या वर्षांचा त्याहून कमी. पैशाचा नफा यात नाही, आजोबांनाही झाला नव्हता. पण चालवायची नसेल तर तो तोटा निव्वळ हट्टाचा आहे, हेही शीटमध्ये स्पष्ट दिसत होतं.

बाबांना फोन केला. म्हटलं, "पाच वर्षांचं पासिंग करू. महिन्यातून दोन रविवार मी येईन आणि चालवीन. सलग सहा महिने येणं झालं नाही, तर त्या डुक्करवाल्यांना त्यांच्याच भावात द्यायची, तेव्हा तुम्ही मध्ये पडायचं नाही." बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "दांड्यावरचा गिअर जमतो का तुला?" जमत नाही. पहिला आणि तिसरा अजून चुकतो. डुक्करवाल्या काकांना मी ही अट कळवली आहे. ते हसले आणि म्हणाले, मुदत संपायची तारीख लिहून द्या.

पासिंगची तारीख पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली आहे. मिस्त्रींना इचलकरंजीत एक व्हील सिलिंडर सापडलाय, मागच्या डाव्या चाकाचा. उजव्याचा शोध चालू आहे.